पोट दुखून हसणारी

सलूनवाल्याच्या घराण्याला एक खोड होती. घाबरलं की या लोकांना हसू यायचं. आनंद झाला तर बेताचंच, पण धक्का बसला, जीव कासावीस झाला, कुठे सणसणीत लागलं, की आतून उकळी फुटावी तसं हसू. एकदा दुकानाचं कुलूप फोडून कुणीतरी कात्र्या, वस्तरे, मशीन, सगळं लंपास केलं. सलूनवाला पोलिसांत गेला आणि "साहेब, होतं नव्हतं ते गेलं हो," एवढं म्हणून असा खिदळायला लागला, की साहेबांनी चोरीचं राहू दिलं आणि आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला.

बायको मात्र वेगळ्या मातीची. तिच्या माहेरी हसायला कारण लागायचं, आणि ते कारणही घरातल्या मोठ्यांना पटावं लागायचं. ती घरबसल्या शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरून बसल्यामुळे तिला तसंही फार बोलता-हसता यायचं नाही. आपली एकुलती एक मुलगी आपल्यावर जाईल अशी तिला आशा होती. मुलगी बापावर गेली. पहिलं पाऊल टाकताना पडली, कपाळाला टेंगूळ आलं, आणि रडायच्या ऐवजी खुदकन हसली. तेव्हापासून तिचं नावच पडलं खुदकन. शाळेच्या हजेरीत दुसरं नाव होतं, पण ते घेतलं तर ती मागे वळून बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून.

सोळाव्या वर्षी खुदकनचं पोट दुखायला लागलं.

पहिली कळ भूगोलाच्या तासाला आली. उजव्या बरगडीखाली कुणीतरी पिळा घालावा तशी. तिने बाक गच्च धरला आणि फस्सकन हसली. बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर ती भिंतीला टेकून वाकून हसत राहिली. शिपाई म्हणाला, "मलाही सांग की जोक."

घरी बापाने चेष्टा केली. "पोटात दुखतंय? कुणाचं भलं बघवलं नाही गं तुला?"

"बाबा, खरंच दुखतंय," ती हसत म्हणाली.

"हसून हसून पोट दुखतं हे ऐकलं होतं. तुझं उलटंच दिसतंय."

उलटंच होतं. पण हे त्या घरात कुणाला विशेष वाटलं नाही, आणि आईने बडीशेप चावायला दिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा कळ आली, त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनदा. महिना होत आला, तेव्हा आईने शिलाई मशीन झाकून ठेवलं आणि तिला हॉस्पिटलात नेलं.

तिथे पोटाचे डॉक्टर होते. माणूस चांगला, हुशार, पण कामाने पार पिचलेला. बाहेर बाकांवर एवढी गर्दी असायची, की आत आलेल्या पेशंटचं बोलणं संपायच्या आत ते औषध लिहायला घ्यायचे. त्यांच्या टेबलाशी पेशंटसाठी एकच खुर्ची. त्या खुर्चीवर आई बसली. खुदकन मागे, वजनकाट्यावर उभी राहिली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

"काय होतंय हिला?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

"पोट दुखतं म्हणते."

हे 'म्हणते' फार वाईट. दुखतं, एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. 'म्हणते' आलं, की ऐकणारा निम्मं दुखणं तिथेच वजा करतो.

"कधीपासून?"

"झाला की महिना," खुदकन मागून म्हणाली. डॉक्टरांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "महिना झाला." मग त्यांनी लिहून घेतलं.

भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर ओळीने गोल चेहरे काढलेले. पहिला हसरा, मग हळूहळू उतरत जाणारे, शेवटचा ढसाढसा रडणारा. किती दुखतंय ते पेशंटने बोटाने दाखवायचं. डॉक्टरांनी तिला विचारलं. खुदकनने शेवटच्या चेहऱ्याच्या अलीकडच्यावर बोट ठेवलं. नवी जागा, नवा माणूस, औषधांचा वास, आणि पोटात अजून थोडं ठसठसत होतं. तिला हसू आलं.

डॉक्टरही हसले. तिचं बोट अलगद उचलून त्यांनी पहिल्या चेहऱ्यावर ठेवलं. "बाळ, तू इथे आहेस."

मग आईला सगळं समजावून सांगितलं. हे वयच असं असतं. परीक्षेचं टेन्शन, रस्त्यावरचं तळकट खाणं, रात्री मोबाईल. गुलाबी रंगाचं एक औषध दिलं. औषध चवीला चांगलं होतं. एवढाच काय तो त्याचा गुण.

दुसऱ्या वेळी बापाने दुकान बंद करून सोबत जायचं ठरवलं. हा निर्णय चुकला. डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर त्याला मुलीची काळजी दाटून आली, आणि काळजी दाटून आल्याबरोबर तो हसायला लागला. त्याचं बघून खुदकनही. डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

"काम काय करता?"

"केस कापतो साहेब. खीऽऽ... फारच दुखतं हो तिला," आणि बाप टेबलावर कपाळ टेकून गदगदा हलायला लागला.

"ही दुकानात बसते का? गिऱ्हाइकांत? कुणी मित्रबित्र?"

खुदकनचं हसू तेवढ्यापुरतं थांबलं. पोट आणि मित्र यांचा काय संबंध, हे तिला कळलं, आणि कळलं म्हणूनच तिचे कान तापले. पण बोलायच्या आत डॉक्टरांनी पेन ठेवून दिलं होतं. "हे बघा, बाहेर खरे आजारी लोक ताटकळलेत. थट्टामस्करी घरी करा."

दोघं बाहेर आले. सलूनवाला पायरीवर बसून डोळे पुसत होता. त्या पाण्यात हसण्याचं किती आणि दुसरं किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "तुझ्या आईलाच पाठवायला हवं होतं. तिचा चेहरा कसा, जन्मजात पेशंटच्या नातेवाइकाचा आहे."

तर वर्गात खुदकनच्या शेजारी एका वकिलाची मुलगी बसायची. तिला सगळे मॅडम म्हणायचे, कारण ती पाण्याची बाटलीसुद्धा कायद्याने उघडल्यासारखी उघडायची. मधल्या सुट्टीत डब्याला हात न लावता बसलेल्या खुदकनला तिने विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर म्हणाली, "अगं, तेच डॉक्टर? मी गेल्या महिन्यात गेले होते. मला लगेच सोनोग्राफीला पाठवलं. त्याच दिवशी."

"काय निघालं?"

मॅडमने मान खाली घातली. "गॅस."

खुदकन हसली, आणि या वेळी ते साधं हसूच होतं.

"पण तू केलंस काय?" तिने विचारलं.

"काही नाही. रडले. बाबा म्हणाले, माझी मुलगी कधी उगीच रडत नाही. झालं."

एकीच्या पोटात नुसती हवा होती, तर मशीन हजर. दुसरीला महिनाभर गुलाबी पाणी. मॅडमला अन्याय सहन व्हायचा नाही. घरातच तसं वळण होतं. तिने जागच्या जागी निकाल दिला. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तुला रडता यायला हवं. मी शिकवते."

शिकवणी सलूनमध्ये भरली, दुकानाच्या सुट्टीच्या वारी. सलूनवाला डॉक्टर झाला. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचा पांढरा कपडा त्याने स्वतःच पांघरला आणि फिरत्या खुर्चीवर बसला. मॅडम मास्तरीण. तिने पहिल्यांदा स्वतः करून दाखवलं. ओठ किंचित थरथरले, एक थेंब डाव्या गालावरून सावकाश खाली आला. सलूनवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"आता तू," मॅडम म्हणाली. "आणि आवाज नको. मोठ्याने रडलं की त्यांना वाटतं नाटक. हळू रडलं की वाटतं खानदानी."

"काय होतंय बाळ तुला?" बापाने घसा जाड करून विचारलं.

खुदकनने खांदे पाडले. तोंड वाकडं केलं. पण सलूनमध्ये तिन्ही भिंतींना आरसे. जिकडे बघावं तिकडे तिचं वाकडं तोंड, आणि पांढऱ्या कपड्यातला बाप, एकामागे एक, पार आरशाच्या पोटापर्यंत. तिघंही फुटली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फुटली. मॅडमसुद्धा, कायदा विसरून.

मधे मॅडमने आणलेले तळलेले बटाटे खाऊन झाले. खुदकनने नको नको म्हणत चांगले मूठभर खाल्ले. थोड्या वेळाने ती खुर्चीवर बसली, "काय होतंय बाळ" झालं, आणि ती हसायला लागली. पण या वेळी वाकून. हसता हसता कपाळावर घाम आला.

"हे जमलं!" मॅडम ओरडली. "घाम कसा आणलास?"

"वा रे माझी नटी!" बाप म्हणाला.

नेमकी तेव्हाच आई दुकानात शिरली, नवे शिवलेले टॉवेल ठेवायला. तिने तिघांना बघितलं आणि नेहमीसारखं कपाळाला हात लावणार, तेवढ्यात तिची नजर मुलीच्या हातांवर गेली. आयुष्यभर तिने कापडाचा ताण बघितला होता. कुठलं कापड नुसतं ओढलंय आणि कुठलं फाटायला आलंय, हे तिला हात न लावता कळायचं. खुदकनची बोटं खुर्चीच्या रेक्झिनमध्ये रुतली होती. नखं पांढरीफटक.

"गप्प बसा दोघंही," आई म्हणाली. मुलीजवळ जाऊन तिने तिची हनुवटी वर केली. तोंड हसत होतं. डोळे नव्हते हसत.

"दुखतंय तिला," आई म्हणाली.

या वेळी 'म्हणते' नव्हतं.

सलूनवाल्याच्या अंगावरचा पांढरा कपडा तसाच राहिला. तसेच सगळे रिक्षात बसले, मॅडमसकट.

हॉस्पिटलात सिस्टरने दारातच विचारलं, "पेशंट कोण?" प्रश्न वाजवी होता. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस घामाघूम होऊन हसत-रडत होता, भिंत धरून धरून चालत होता. पोरगी नुसती हसत होती. सिस्टरने पुढचं विचारलंच नाही. सलूनवाल्याला धरून बाजूच्या खोलीत नेलं आणि त्याच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला. "अहो, मी नाही, ती, ती," असं तो सांगत होता, पण हसताना त्याचं बोलणं नीट कळायचं नाही. त्याला आडवा करून छातीला वायरी लावेपर्यंत गोष्ट गेली.

इकडे आई मुलीला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत शिरली. डॉक्टरांनी बघितलं, ओळखलं, आणि सुस्कारा सोडला. "बसा ताई. सांगा, आता काय म्हणते ही?"

आई बसली नाही. तिने खुर्ची मुलीच्या मागे सरकवली, तिला खाली बसवलं आणि स्वतः वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली. काटा धाडकन वर गेला.

"मला काही होत नाहीये, डॉक्टर. जिला होतंय, तिला विचारा."

डॉक्टरांना हे नवीन होतं. या वयाची मुलं रोज यायची. पण आईबापांच्या बाजूला ठेवलेल्या पिशव्यांसारखी. पिशवीला कोण विचारतं? त्यांनी चष्मा वर सरकवला आणि खुदकनकडे बघितलं. तिला त्यांच्या टेबलाशी बसून पहिलं वाक्य बोलायची संधी मिळाली होती, आणि अर्थातच तिला हसू फुटलं.

"डॉक्टर," ती धापा टाकत म्हणाली, "मी हसणार. मला थांबवता येत नाही. आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे. तुम्ही... तुम्ही चेहऱ्याकडे बघू नका. पोटाकडे बघा."

डॉक्टरांनी पुढ्यातला कागद बाजूला सारला. मग उठले. तिला तपासायच्या टेबलावर झोपवलं आणि उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली. "मोठा श्वास घे."

तिने श्वास घेतला आणि तो अर्ध्यावर अडकला. जसा दारात पदर अडकावा. मग ती खो-खो हसली.

डॉक्टर नाही हसले. त्यांनी पुन्हा बोटं ठेवली. "पुन्हा घे." पुन्हा तिथेच अडकला. श्वासाला खोटं बोलता येत नाही, त्याला घराण्याची खोडही लागत नाही.

"तळलेलं खाल्लं की जास्त होतं?"

"हो. आणि मग इथे मागे, खांद्यापाशी जातं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आईला विचारत होतात ना," खुदकन म्हणाली. "तिच्या खांद्यात नव्हतं दुखत."

वजनकाट्यावरून आईने घसा खाकरला. त्याचा अर्थ लावण्यात डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. सोनोग्राफी लगेच झाली. पित्ताशयात खडे निघाले, एक नाही, चांगली मूठभर भावंडं, आणि पित्ताशयाला सूज. "या वयात?" मशीनवरची बाई म्हणाली. "कमी होतं," डॉक्टर हळूच म्हणाले, "पण होतं. मला माहीत होतं." शेवटचं वाक्य ते बहुतेक स्वतःलाच बोलले.

बाहेर बाकावर मॅडम बसली होती. डॉक्टरांनी तिला ओळखलं. "अरे, तू वकिलांची ना? बरं आहे पोट?"

"माझं बरंच होतं," मॅडम उभी राहिली. "मला एक विचारायचंय. माझं त्याच दिवशी मशीनवर बघितलंत. हिचं महिनाभर नाही. का?"

"तू रडत होतीस," डॉक्टर म्हणाले.

"मला येतं रडायला. म्हणून?"

डॉक्टरांना आठवलं, त्या दिवशी तिच्या वडिलांनी दारातूनच हात केला होता, आणि आपण खुर्चीवरून अर्धे उठलो होतो. सलूनवाल्यासाठी त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. आठवलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण चष्मा काढून इतका वेळ पुसला, की सिस्टरला वाटलं त्याला चरा पडलाय.

"म्हणून नाही," ते शेवटी म्हणाले. "म्हणूनच असं नाही. आणि जे आहे ते बरोबर नाही."

ऑपरेशन झालं. पोटावर छोटी छोटी भोकं पाडून पित्ताशय काढलं. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरला पोटाच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "ही हसेल. हसली तर समजा घाबरलीये. हात धरा." भूलवाल्याने हात धरला. खुदकनने नंतर सांगितलं, की त्यांचा स्वतःचाच हात बर्फासारखा होता, म्हणून तिला आणखी हसू आलं.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. या वेळी मुंगी जरा लगबगीची निघाली. सलूनवाल्याने खडे बाटलीत घालून दुकानात तेलांच्या बाटल्यांशेजारी मांडले. दाढीला साबण लावून झाला, की तो गिऱ्हाइकाच्या नाकासमोर बाटली हलवायचा. तोंडाला फेस असलेल्या माणसाला पळून जाता येत नाही. त्याचं स्वतःचं हृदय उत्तम असल्याचंही तो सांगायचा. त्याचाही कागद होता त्याच्याकडे, फुकटात मिळालेला.

टाके दाखवायला आई खुदकनला घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. वजनकाटा कोपऱ्यात गेला होता. आई सवयीने पहिल्या खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली, "आता बरं आहे, जेवते नीट, फक्त..."

"ताई," डॉक्टर म्हणाले, "पाच मिनिटं बाहेर बसाल? या वयाच्या सगळ्यांचंच आता तसं करतो. आधी त्यांच्याशी बोलतो. मग तुम्हाला बोलावतो."

आई बाहेर गेली. जाताना तिने दाराला थोडी फट ठेवली. सिस्टरने ती बंद केली.

"जमतंय का तुम्हाला?" खुदकनने विचारलं.

"कसलं?"

"आमच्याशी बोलणं."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "कधी जमतं, कधी नाही. परवा एक मुलगा आला. हसत होता. तुझी आठवण झाली, घाईघाईने मशीनवर पाठवलं. काही नाही निघालं. गणिताचा पेपर होता त्याचा त्या दिवशी."

"म्हणजे फसवलं तुम्हाला?"

"फसवलं की. पण वकिलांच्या मुलीचंही काही निघालं नव्हतं. तेव्हा मी कुठे रागावलो होतो?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुझ्या वडिलांना मी थट्टामस्करी म्हणालो होतो. ते माझं चुकलं. आणि ते मित्राचं विचारलं, तेही. तसं विचारायची वेळ कधी येते. पण अशी नाही, बापासमोर, आरोप ठेवल्यासारखी."

खुदकन हसली नाही. तिला भीती वाटली नव्हती, म्हणून असेल. "बरं," एवढंच म्हणाली. मग तिने त्यांना दोन गोष्टी विचारल्या, ज्या तिला आईसमोर कधी विचारता आल्या नसत्या, आणि डॉक्टरांनी त्यांची सरळ उत्तरं दिली. त्या काय होत्या, हे इथे सांगायचं कारण नाही.

परतताना आईने बस स्टॉपपर्यंत दम धरला. मग म्हणाली, "काय विचारलंस एवढं?"

"माझं आणि डॉक्टरांचं होतं ते."

"अस्सं." आईने पर्सची चेन ओढली, पुन्हा उघडली, पुन्हा ओढली. "मीच तुला त्या खुर्चीवर बसवलं. मीच. आता मलाच बाहेर काढतात."

"हो गं आई."

"तसं नाही, बरोबरच आहे म्हणा," आई म्हणाली. बस येताना दिसली, तशी ती उठली. "पण दारावर ती सिस्टर कशाला हवी? मी काय कान लावून ऐकणार होते?"

खुदकनने आईकडे बघितलं. आईने बसकडे.